आधी सावली, मग भाजी

भाद्रपदात एक आठवडा असा येतो, की परतवाड्याच्या घराघरांत भाज्यांची मोजणी सुरू होते. गणपती बसले की दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. हाताने लावलेलं, परसात आलेलं तेवढंच ताटात घ्यायचं. त्यानंतर दोन-चार दिवसांत महालक्ष्म्या येतात. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्याच वऱ्हाडात महालक्ष्म्या. त्यांच्या नैवेद्याला पुरण, कढी, आंबील तर हवीच, शिवाय सोळा भाज्या लागतात. गंगाफळ, दोडकं, कारलं, भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, काकडी, वांगं इथपर्यंत गणती झरझर होते. मग ती अडखळते. अंबाडी मिळाली का? चमकोरा कुणाकडे आहे? शेजारच्या काकूंच्या न्हाणीमागे आहे, चार पानं मागून आण.

आता बाजारात सोळा भाज्या एकत्र चिरून वाट्यावर मिळतात आणि ज्या घरात माणसं कमी, कामं जास्त, तिथे ती मोठीच सोय आहे. पण या दोन्ही सणांनी घराला विचारलेला प्रश्न एकच आहे: तुमच्या मागच्या अंगणात यंदा काय उगवलंय? वर्षातून एकदा तरी झडती घ्यायची ही रीत ज्यांनी घालून दिली, त्यांना परसाचं मोल पक्कं ठाऊक होतं.

परतवाडा हे अमरावती जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. पाठीशी चिखलदरा आणि गाविलगडाचे डोंगर, शेजारी जुनं अचलपूर, पुढे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. सापन आणि बिच्छन या नद्या डोंगरातून उतरून इथल्या शिवारात येतात. जुन्या घरांना मागे मोकळी जागा असायची. कुणी तिला परसदार म्हणतं, कुणी वाडगं, कुणी सांदवाडी. तिथे विहिरीजवळ केळ, न्हाणीच्या नालीवर चमकोरा, कोपऱ्यात गोडलिंब म्हणजे कढीपत्ता, कुंपणावर वालाचा वेल आणि तुळशीजवळ पुदिना असा संसार होता. नव्या वस्त्यांमध्ये प्लॉट लहान झाले, मागची जागा बांधकामात गेली आणि उरलेल्या पट्टीवर फरशी आली. तरीही घराच्या एका बाजूला चार-पाच फुटांची पट्टी किंवा वर गच्ची, एवढं बहुतेकांकडे आहे. प्रश्न जागेपेक्षा उन्हाचा आहे.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गच्चीवरच्या कुंडीतली माती दुपारी हाताला चटका देते. हौसेने नर्सरीतून आणलेली रोपं मार्चपर्यंत टवटवीत राहतात आणि एप्रिलमध्ये होरपळून जातात. मग घरात निष्कर्ष निघतो, की आपल्या हाताला गुण नाही. हाताचा काही दोष नसतो. थंड हवेच्या गावांतल्या बागेचा नमुना वऱ्हाडच्या उन्हात आणून ठेवला, की दुसरं काय होणार? या उन्हात नाजूकातलं नाजूक पान कसं जगवायचं, याचं उत्तर परतवाड्याहून तासाभराच्या अंतरावर पिढ्यान् पिढ्या उभं आहे.

पथ्रोटवरून अकोटच्या दिशेने निघालं की अंजनगाव सुर्जी लागतं. शाळेच्या इतिहासात हे नाव १८०३ मधल्या शिंदे आणि इंग्रजांच्या तहामुळे येतं. वऱ्हाडात ते पानमळ्यांसाठी ओळखलं जातं. विड्याच्या पानाचा वेल मुळात दमट, गर्द जंगलातला. त्याला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, कोरडी हवा तर मुळीच नाही. असा वेल बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी वऱ्हाडात रुजवला आणि टिकवला. ते वेल नंतर लावतात. आधी लावतात सावली. शेवरी, पांगारा, शेवगा, हेटा अशी भराभर वाढणारी झाडं ओळीने पेरायची, ती उंच झाली की त्यांच्या खोडांवर वेल चढवायचा. चारी बाजूंनी वाऱ्याला आडोसा करायचा, जमीन पाल्याने आणि शेणखताने झाकायची, पाणी थोडं पण वारंवार द्यायचं. पानमळ्यात चपला बाहेर काढून शिरायची रीत आहे. भर दुपारी रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की पायाखालच्या जमिनीचा गारवा तळव्यांना लगेच जाणवतो.

याच मळ्यांमध्ये, वेलांच्या खालच्या सावलीत, आणखी एक पीक येतं. पानपिंपरी, म्हणजे आयुर्वेदातली पिंपळी. अंजनगाव, अचलपूर, अकोट, तेल्हारा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात तिची शेती होते. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतो, हे घरोघरी ठाऊक असतं. त्यातली पिंपळी आपल्याच जिल्ह्यात पिकते, हे परतवाड्यातही पुष्कळांना ठाऊक नसतं. ही मिऱ्याच्याच कुळातली. मिऱ्याचे दाणे सुटे असतात, पिंपळीचे बारीक दाणे एका दांड्यावर दाटीने बसलेले असतात, तुतीच्या लांबट फळासारखे. कोवळेपणी हिरवी, तयार होताना काळसर, आणि वाळली की करडी-काळी, कडक. चावली तर आधी गोडसर लागते, मग सावकाश तिखट चढतं आणि जीभ थोडी बधिर होते.

जगाच्या बाजारात तिने केवढी मजल मारली होती! संस्कृतातल्या ‘पिप्पली’ या शब्दावरून ग्रीकांचा ‘पेपेरी’ आला आणि त्यावरूनच युरोपच्या भाषांत मिऱ्याला नाव मिळालं. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने मसाल्यांचे भाव टिपून ठेवले आहेत. त्यात काळी मिरी पौंडाला ४ दिनार, पांढरी ७ आणि पिंपळी १५ दिनार. पुढे अमेरिकेतून मिरची आली, जगाने तिखटासाठी तिला जवळ केलं आणि पिंपळी युरोपच्या स्वयंपाकघरातून जवळजवळ नाहीशी झाली. आपल्याकडे मात्र ती काढ्यात, बाळंतिणीच्या औषधात आणि वैद्याच्या डब्यात राहिली. तिच्या मुळांचे तुकडे म्हणजे गंठोडा, बाळंतिणीच्या लाडवात पडतो तोच.

परसात पिंपळी लावणं कठीण नाही. मात्र एक गोष्ट आधी माहीत हवी. पिंपळीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. म्हणून ज्या वेलाला फळं धरलेली डोळ्यांनी दिसतात, त्याचीच छाट घ्यायची. पावसाळ्याच्या तोंडाला तीन-चार पेरांचा तुकडा कापावा. प्रत्येक पेरावर पाहिलं तर बारीक पांढरे मुळांचे कोंब आधीच फुटलेले असतात, वेल जमिनीला टेकला की तिथेच धरतो. दोन पेरं मातीत, एक-दोन वर, माती बोटांनी दाबून घट्ट करायची आणि वरून वाळला पाला पसरायचा. जागा अशी निवडावी जिथे सकाळचं कोवळं ऊन येईल आणि दुपारी सावली असेल. पंधरा-वीस दिवसांत बदामाच्या आकाराचं, चकचकीत पान उलगडतं. साधारण सहा महिन्यांनी फुलं धरू लागतात, आणि पिंपळी तयार व्हायला पुढे दोनेक महिने जातात. पूर्ण पिकण्याआधी, काळपट हिरवी असतानाच ती खुडायची आणि चार-पाच दिवस उन्हात खडखडीत वाळवायची. एका कुंडीतून घरच्या काढ्यापुरती पिंपळी सहज निघते. मात्र ती चिमटीभरच वापरायची. तिच्यातला तिखट घटक इतर औषधांचं शरीरातलं शोषण वाढवतो, त्यामुळे रोजची गोळी चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिंपळी नेमाने घेऊ नये.

पानमळ्याची ही रीत घराच्या परसाला जशीच्या तशी लागू पडते. मावळतीच्या बाजूला, जिथून दुपारचं ऊन भिंतीवर आदळतं, तिथे आधी हेटा किंवा शेवगा लावावा. हेटा म्हणजे हादगा. बी पेरल्यावर पहिल्याच वर्षी तो डोक्यावरून जातो, त्याची सावली विरळ असते आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. त्याची मोठी पांढरी फुलं म्हणजे स्वतंत्र भाजी. मधला कडवट दांडा काढून टाकायचा, फुलं चिरायची, कांदा-लसणाच्या फोडणीत परतून वरून थोडं बेसन भुरभुरायचं. शेवग्याची पेरियाकुलमची पीकेएम-१ ही जात बियांपासून वाढते आणि सहा महिन्यांत शेंगा धरते. शेवग्याची हौस करणारे एक चूक हमखास करतात. तो वाढू देतात. मग शेंगा विजेच्या तारेला लागतात आणि वादळात फांद्या मोडतात. कमरेएवढा झाला की शेंडा खुडावा, शेंगांचा हंगाम संपला की छातीच्या उंचीवर छाटावा. पाला हाताशी राहतो, आणि खरं तर शेंगेपेक्षा पाल्याची भाजी घरासाठी अधिक मोलाची आहे.

सावली धरली की तिच्या आसऱ्याने बाकीची मंडळी येतात. पुदिना, पानओवा, पिंपळी, उन्हाळ्यातला सांबार. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि मे महिन्यात ज्याच्या घरी सांबार आहे त्याचं आळीत वजन असतं.

इथे थोडा हिशेब करावा लागेल, कारण परसबागेबद्दल बोलताना मोठमोठ्या गोष्टी केल्या जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार माणसाच्या रोजच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच जणांच्या कुटुंबाला दिवसाला २ किलो, वर्षाला सातशे किलोंच्या वर. एवढं सगळं घराच्या पट्टीतून निघणार नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात हे पुन्हा पुन्हा मांडलं, पण दहा गुंठे म्हणजे जवळपास अकरा हजार चौरस फूट. प्लॉटवाल्याने तो ध्यास धरून हिरमुसू नये. कांदा, बटाटा, कोबी बाजारातून येऊ द्यावेत. परसाने घ्यायची ती जबाबदारी पालेभाज्यांची, आंबटाची, वासाच्या पानांची आणि घरगुती औषधाची. खुडल्यापासून तासाभरात कढईत पडायला हवीत अशी ही पिकं आहेत. त्यातली निम्मी तर बाजारात येतच नाहीत.

चमकोराच घ्या. इतरत्र ज्याला अळू म्हणतात तोच हा. परसातला सगळ्यात कमी मागण्या असलेला सभासद. न्हाणीचं पाणी जिथे उतरतं तिथे दोन कंद खोचले की पिढीभर पानं देतो. जुन्या घरात सांडपाण्याची नाली नेहमी चमकोरा, केळ आणि गोडलिंबाकडे वळवलेली असायची, आणि आज ती व्यवस्था पुन्हा हवी आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात संत्र्याच्या बागांसाठी बोअर खोल खोल जात राहिले आणि भूजल उपसलं गेलं. घराच्या बागेला पिण्याचं पाणी घालणं इथे शोभत नाही. अंघोळीचं आणि भाजी धुतल्याचं पाणी पुरेसं आहे. साबण-सोड्याचं कपडे धुतल्याचं पाणी तेवढं वेगळं काढावं. चमकोऱ्याची पानं घशाला खाजतात, कारण त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून पानं भरपूर शिजवायची आणि चिंच किंवा आंबट चुका घालायचा. आजीने हे कारण सांगितलं नसेल, पण चिंच विसरू दिली नाही.

आंबटावरून अंबाडी. वऱ्हाडात ती कपाशी-ज्वारीच्या शेतात कडेने ओळीत पेरली जाते आणि तिच्या सालीच्या वाखाचे दोर बैलांच्या कामी येत. तिची पानं उकडून, पिळून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली भाजी, वर लसूण आणि लाल मिरचीची तेलातली फोडणी, सोबत भाकर. हे ताट ज्याने खाल्लं त्याला अधिक सांगायला नको. दोन फूट रुंद वाफ्यात पंधरा-वीस रोपं असली तरी घराचं भागतं. जूनमध्ये बी टाकावं, शेंडे खुडत राहावं, जितकं खुडाल तितकी फुटते. लाल देठाच्या एका जातीला मांसल, गडद लाल बोंडं येतात. त्यांची चटणी आणि सरबत होतं. हीच बोंडं इजिप्तमध्ये वाळवून त्यांचं ‘करकदे’ नावाचं पेय करतात, आणि शहरी दुकानांत ती चहाच्या पुड्यांमध्ये भरपूर किमतीला विकली जातात. परतवाड्यातल्या माणसाला ती दहा रुपयांच्या बियांत मिळतात.

अंबाडी दसऱ्यापर्यंत पाला देते, मग एकदम फुलावर येते. वालाचंही तसंच. मृगात पेरलेला वालाचा वेल श्रावण-भादव्यात सगळं कुंपण झाकून टाकतो, पण फूल नाही. नवा माणूस खत घालतो, काळजी करतो, उपटायला निघतो. खरं कारण दिवसाच्या लांबीत असतं. या वनस्पतींच्या जुन्या देशी जाती दिवस लहान होऊ लागले की मगच फुलतात. आश्विन सरता सरता वालाला जांभळे तुरे येतात आणि थंडीभर शेंगा. म्हणून वालाला धीर धरावा लागतो आणि त्याचा वेल चढवायला तुराट्यांचा मांडव घालावा लागतो. तुरीच्या वाळल्या काड्या म्हणजे तुराट्या, कपाशीच्या म्हणजे पऱ्हाट्या. दोन्ही हंगामानंतर गाडीभर मिळतात आणि बागेच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या जाळीपेक्षा त्या वेलाला अधिक मानवतात, कारण उन्हात तापत नाहीत.

परतवाड्याची आणखी एक खासियत बागेच्या कामी येते. मेळघाटातल्या सागवानामुळे हे गाव लाकडाच्या व्यापाराचं ठाणं झालं, आणि लाकूड कापलं की भुसा पडतोच. आरागिरणीवरचा भुसा उन्हाळ्यात वाफ्यावर दोन बोटं पसरला तर ओल बराच काळ टिकते. फक्त तो मातीत मिसळू नये. ताजा भुसा कुजताना मातीतला नत्र स्वतःकडे ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. वर पसरलेला भुसा तसं करत नाही. कुंड्यांसाठी दुसरी जुनी युक्ती मडक्याची. बिनझिलईचं छोटं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर झाकण ठेवायचं. मातीला लागेल तसं पाणी भिंतीतून झिरपतं आणि मुळं मडक्याला मिठी मारून बसतात.

खताचं म्हणाल तर या जिल्ह्याने देशाला एक नाव दिलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांना नैसर्गिक शेतीच्या कामासाठी २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीतलं जीवामृत एकराला २०० लिटर पाण्यात करतात. घरासाठी त्याचा दहावा हिस्सा पुरेसा आहे. २० लिटर पाण्यात १ किलो ताजं देशी गायीचं शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, शंभर-दीडशे ग्रॅम काळा गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत झाकून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दोन दिवसांत बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो. दहापट पाण्यात मिसळून मुळाशी द्यायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. गच्चीवर बादली उघडी राहिली तर शेजारचे तक्रार करतील, आणि ती रास्त असेल.

औषधी झाडांबाबत उत्साह आणि सावधगिरी दोन्ही हवी. अडुळसा प्रत्येक कुंपणात असावा. त्याचं पान कडू, शेळी तोंड लावत नाही, त्यामुळे ते जिवंत कुंपणच होतं. खोकल्यावर अडुळशाचा वापर ही निव्वळ समजूत नाही. त्याच्यातल्या वासिसिन या घटकापासूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलं. गवती चहाचा एक फुटवा वर्षभरात मोठा झुबका होतो. दर दोन वर्षांनी तो उपटून, वाटून पुन्हा लावला नाही तर मधून वाळतो. पानओव्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. या जाड, लवदार पानांच्या झाडाला पुढे ओवा लागेल म्हणून लोक वाट पाहतात. ओवा वेगळ्या कुळातल्या झाडाचं बी आहे. दोघांच्या तेलातले घटक जवळचे म्हणून वास सारखा. पानओव्याने द्यायची ती भजी, आणि ती तो भरपूर देतो.

गुळवेलीने तर करोनाच्या काळात घरोघरी प्रवेश केला. कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी शक्यता मांडली. वाद बाजूला ठेवला तरी घरासाठी धडा स्वच्छ आहे. ओळख पटल्याशिवाय वेल कापायची नाही, आणि पटली तरी महिनोन्‌महिने मनानेच काढा प्यायचा नाही. कोरफडीचं पान कापलं की कडेने पिवळा चीक येतो, तो जुलाब करणारा. पान पंधरा मिनिटं उभं ठेवून चीक निथळू द्यावा आणि मगच मधला पारदर्शक गर घ्यावा. गरोदर बाईने तोही खाऊ नये. ओळख शिकायची असेल तर अकोल्याला जावं. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, देशाचे कृषिमंत्री झालेले. झाडासमोर उभं राहून पान चुरगळून वास घेतल्यावर जी ओळख पटते ती मोबाइलच्या चित्राने पटत नाही.

गोडलिंबाबद्दल परतवाडा-अचलपूरकरांनी विशेष जागरूक राहायला हवं. हा संत्र्याचा मुलूख. गोडलिंब आणि संत्रा एकाच कुळातले, त्यामुळे संत्र्यावरची सिल्ला ही कीड गोडलिंबाच्या कोवळ्या फुटीवरही बसते. पान उलटून पाहावं. दोन-तीन मिलिमीटरचे करडे कीटक मागचा भाग वर करून तिरके बसलेले दिसतात, फूट मुरडलेली असते. अशी फूट खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावी. घराशेजारी बाग असेल तर हे कर्तव्यच आहे. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती फुलपाखराची अळी असते. तिला काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून नारिंगी रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. झाड मोठं असेल तर दोन-चार अळ्या राहू द्याव्यात. मुलांना दाखवायला याहून चांगला धडा परसात दुसरा नाही.

परसबागेचं काम फक्त हौसेचं नाही, हे परतवाड्याहून वर चढलं की लख्ख दिसतं. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी १९९३ मध्ये सगळा महाराष्ट्र हादरला होता. तिथल्या कोरकू घरांच्या मागे मका, वाल, काकडी, भोपळ्याची बाडी असते. तिला जीव देणं हा कुपोषणाशी लढण्याचा एक भाग झाला आहे. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेतून बचतगटांच्या महिलांना हेच काम दिलं, शाळांच्या आवारातही भाज्यांचे वाफे आले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घराच्या परसातूनच देशी बियाण्यांचा साठा उभा केला, त्यात वालाचे कितीतरी प्रकार, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी राखण्याची त्यांची रीत कुणालाही जमण्यासारखी आहे. सगळ्यात जोमदार वेलाच्या पहिल्या चांगल्या शेंगा खायच्या नाहीत, वेलावरच वाळू द्यायच्या, मग दाणे चुलीच्या राखेत मिसळून मडक्यात ठेवायचे.

परतवाड्यात हे बी विकत घ्यावं लागतंच असं नाही. महालक्ष्म्यांच्या आधी ज्या घरून चमकोऱ्याची पानं आली, तिथेच कंद मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. अंबाडीच्या दोन काड्या बियांसाठी राखून ठेवायला सांगता येतं. दसरा झाला की काकडी-दोडक्याचे थकलेले वेल उपटून तिथे मेथी, पालक, मुळा, सांबार आणि लसूण टाकायचा. हेट्याचं बी मात्र त्याआधीच, जमिनीत ओल आहे तोवर, मावळतीच्या भिंतीशी पेरून घ्यायचं. पुढच्या चैत्रात तो पुरुषभर उंच झालेला असेल आणि पुदिन्याची कुंडी त्याच्या खाली सरकवता येईल.